अंगावर रोज पित्त उठतं, पण अ‍ॅलर्जी कशाचीच सापडत नाही? कारण रोगप्रतिकारशक्तीत असू शकतं

संध्याकाळी मनगटावर खाज सुटते. खाजवलं की तिथे लालसर, फुगीर गांधी उठते. पाठोपाठ कमरेला नाडी रुतते तिथे, मग मांड्यांवर, मग पाठीवर. तासाभरात अंगभर नकाशे उमटतात. रात्र खाजवण्यात जाते आणि सकाळी पाहावं तर अंग कोरं. दुपारी डॉक्टरांकडे जावं, तर दाखवायला हातावर काहीच नसतं.

घरात मात्र तपास सुरू झालेला असतो. काल वांगं खाल्लं होतं का? अंडं? कोळंबी? साबण बदलला का? आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावलं जातं. मेडिकलमधून एक गोळी येते. ती घेतली की एक-दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे चार-आठ दिवस चाललं तर सहसा फार काळजीचं नसतं. पण आठवड्यांमागून आठवडे असंच चालू राहिलं, तर ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला ‘क्रॉनिक अर्टिकेरिया’ म्हणतात. गेल्या तीसेक वर्षांतल्या संशोधनातून हे पुढे आलंय की अशा बऱ्याच रुग्णांमध्ये चिथावणी ताटातून किंवा हवेतून येतच नाही. ती शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती देते.

‘पित्त’ म्हणजे नेमकं कोणतं?

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी बसतात. आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकेदुखी आणि उलटी म्हणजे ‘पित्त झालंय’. यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा पाचकरस, तेही पित्तच. आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, त्याही ‘पित्त’. आयुर्वेदात या शेवटच्या त्रासाला ‘शीतपित्त’ म्हणतात. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात त्याचं वेगळं प्रकरण आहे आणि सूज कशी दिसते, तर गांधीलमाशी चावल्यासारखी, असं वर्णन त्यात येतं. पाश्चात्त्य वैद्यकानेही नाव असंच दिसण्यावरून ठेवलं. ‘अर्टिका’ हे लॅटिनमध्ये अंगाला लागताच आग आणि खाज सुटणाऱ्या एका झुडपाचं नाव आहे.

शब्द एकच असल्यामुळे घोटाळा मात्र होतो. अंगावर पित्त उठलं म्हणून लोक अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात, तिखट-तेलकट बंद करतात, ‘पोट साफ नसेल’ म्हणून जुलाबाचं औषध घेतात. क्रॉनिक अर्टिकेरियाचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही. एक गंमत मात्र आहे. जठरात आम्ल सुटायला लावणारा एक रासायनिक निरोप्या आणि त्वचेवर गांधी उठवणारा मुख्य निरोप्या एकच आहे, हिस्टामिन. फक्त पोटात तो वेगळ्या कुलपात किल्ली घालतो आणि त्वचेत वेगळ्या. म्हणूनच एका पित्ताची गोळी दुसऱ्या पित्ताला पुरत नाही.

सहा आठवड्यांची रेघ

गांधी अधूनमधून किंवा रोज उठतायत, पण एकूण काळ सहा आठवड्यांच्या आत आहे, तर तो ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अल्पकाळाचा प्रकार. त्यामागे विषाणूचा संसर्ग (लहान मुलांमध्ये हे कारण फार वेळा असतं), एखादं औषध, एखादा खाद्यपदार्थ किंवा कीटकदंश असू शकतो. तो आपोआप शमतो. सहा आठवडे ओलांडले की तो ‘क्रॉनिक’.

क्रॉनिकमध्येही दोन घरं आहेत. एकात गांधी ठरावीक कारणानेच उठतात. त्वचेवर बोटाने रेघ ओढली की ती फुगून वर येते, गार पाण्यात हात घातला की हात सुजतो, घाम आला की बारीक बारीक टिपके उठतात, खांद्यावर जड बॅग अडकवली की काही तासांनी तिथे सूज येते. दुसऱ्या घरात असं ठरलेलं कारण दिसतच नाही. गांधी मनाला येईल तेव्हा उठतात. याला ‘क्रॉनिक स्पॉन्टेनिअस अर्टिकेरिया’ म्हणतात, म्हणजे आपोआप उठणारा. अनेकांना दोन्ही प्रकार एकत्रही असतात.

हा दुर्मीळ आजार नाही. कुठल्याही वेळी लोकसंख्येतल्या साधारण शंभरातल्या एकाला तो असतो, असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो सुमारे दुप्पट दिसतो आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. तो संसर्गजन्य अजिबात नाही. एकाच टॉवेलने, एकाच अंथरुणाने किंवा हात लावल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

जवळपास निम्म्या रुग्णांना गांधींबरोबर त्वचेच्या खोल थरात सूजही येते. सकाळी उठल्यावर एक पापणी बंद झालेली किंवा ओठ टम्म फुगलेला. ही सूज खाजण्यापेक्षा ठणकते आणि उतरायला कधी कधी तीन दिवस लागतात.

त्वचेखाली काय घडतं?

१८७८ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख नावाच्या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने डॉक्टरेटच्या प्रबंधात एका विचित्र पेशीचं वर्णन केलं. रंग घातला की तिच्या पोटात दाणेच दाणे दिसत. भरपूर खाऊन गुबगुबीत झाल्यासारखी म्हणून त्याने तिला जर्मन शब्दावरून ‘मास्ट’ पेशी असं नाव दिलं. दाणे खाण्याचे नव्हते हे नंतर कळलं. ते दारूगोळ्याचे होते.

मास्ट पेशी त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात, म्हणजे बाहेरच्या जगाशी जिथे जिथे गाठ पडते तिथे पहाऱ्याला बसलेल्या असतात. त्यांच्या दाण्यांमध्ये हिस्टामिन आणि इतर रसायनं भरलेली असतात. धोका जाणवला की पेशी हे दाणे एकदम बाहेर ओतते. हिस्टामिनमुळे आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून त्वचा लाल होते. त्या झिरपू लागतात, म्हणून पाणी साठून गांधी फुगते. आणि टोकाशी असलेल्या चेता डिवचल्या जातात, म्हणून खाज. लंडनमधले डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात त्वचेवर ओरखडे काढून हीच तिहेरी प्रतिक्रिया बारकाईने नोंदवली होती.

काही तासांत ते पाणी पुन्हा शोषलं जातं आणि डाग न राहता गांधी विरते. एकच गांधी सहसा २४ तासांपेक्षा जास्त टिकत नाही. ‘महिनाभर पित्त आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर रोज नव्या जागी नव्या गांधी उठत असतात.

म्हणजे गांधी कशी उठते हे जवळपास शंभर वर्षं माहीत आहे. अवघड प्रश्न वेगळा होता. धोका नसताना या पेशींना पेटवतं कोण?

पहारेकऱ्यालाच शत्रू समजलं तर

नेहमीच्या अ‍ॅलर्जीत काय होतं ते आधी पाहू. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर लाखभर खाचा असतात. त्या खाचांत ‘आयजीई’ नावाच्या प्रतिपिंडांचे बुंधे बसलेले असतात. समजा एखाद्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. त्याच्या आयजीईची टोकं कोळंबीतलं प्रथिन ओळखतात. कोळंबी पोटात गेली, प्रथिनाने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकमेकांशी जोडलं, की पेशीला इशारा मिळतो आणि दाणे ओतले जातात. म्हणून खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीत खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास होतो आणि तो पदार्थ खाल्ला की प्रत्येक वेळी होतो. क्रॉनिक अर्टिकेरियाच्या रुग्णाला असा नेम सापडत नाही. आज दही खाल्ल्यावर पित्त उठतं, उद्या तेच दही पचतं आणि परवा उपाशीपोटी गांधी उठतात.

१९८६ मध्ये क्लाइव्ह ग्रॅटन आणि सहकारी या ब्रिटिश संशोधकांनी क्रॉनिक अर्टिकेरियाच्या रुग्णांचं रक्त घेऊन त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि उरलेल्या स्वच्छ द्रवाचा, म्हणजे सीरमचा एक थेंब त्याच रुग्णाच्या त्वचेत टोचला. काही जणांच्या त्वचेवर तिथेच गांधी उठली. म्हणजे डिवचणारं काहीतरी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तात फिरत होतं.

ते काय, याचं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात दाखवलं की काही रुग्णांच्या शरीरात थेट त्या खाचांविरुद्धच प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ही प्रतिपिंडं ‘आयजीजी’ जातीची, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी. ती मास्ट पेशीच्या खाचांना चिकटतात, दोन खाचा जोडतात आणि पेशी फसते. ना कोळंबी, ना धूळ, तरी दाणे ओतले जातात.

याच एर्लिख यांनी पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं मत मांडलं होतं की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणं टाळतं. नोबेल मिळालेल्या माणसाचं मत, त्यामुळे ते बराच काळ वजनदार राहिलं. त्यांनीच शोधलेली पेशी त्या मताविरुद्धच्या पुराव्यांपैकी एक ठरली.

नंतर दुसरा मार्गही सापडला. काही रुग्णांमध्ये आयजीईच बिघडलेलं असतं. ते कोळंबीऐवजी शरीरातल्याच प्रथिनांना ओळखू लागतं, उदाहरणार्थ थायरॉइड ग्रंथीतल्या एका प्रथिनाला. याला ‘ऑटोअ‍ॅलर्जी’ म्हणतात, म्हणजे स्वतःचीच अ‍ॅलर्जी. काहींमध्ये दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात. आणि काही रुग्णांमध्ये आजच्या तपासण्यांना यापैकी काहीच सापडत नाही, हेही खरं. त्यामुळे क्रॉनिक अर्टिकेरियाचा प्रत्येक रुग्ण ‘ऑटोइम्यून’ असल्याचं खात्रीने सांगता येत नाही.

थोडक्यात, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते. कोविडनंतर ‘इम्युनिटी बूस्टर’ काढे, गोळ्या आणि पावडरींचा जो सुकाळ झाला, त्यांच्याकडून या आजारात काही मिळण्याची अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. चुकीच्या घरात घुसलेल्या पोलिसांना आणखी कुमक पाठवून प्रश्न सुटत नाही.

थायरॉइडशी काय नातं?

डॉक्टर अंगावरचं पित्त पाहतात आणि थायरॉइडची रक्ततपासणी लिहून देतात, तेव्हा अनेकांना ती उगाच वाटते. पण हा संबंध १९८३ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. क्रॉनिक अर्टिकेरियाच्या रुग्णांमध्ये थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त वेळा सापडतात. इस्रायलमध्ये १२ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉइडचे विकार आणि, विशेषतः स्त्रियांमध्ये, संधिवातासारखे इतर ऑटोइम्यून आजार जास्त प्रमाणात आढळले.

याचा अर्थ अंगावर पित्त उठणाऱ्या प्रत्येकीला पुढे संधिवात होणार, असा नाही. बहुतेकांना असं काहीही होत नाही. अर्थ इतकाच की शरीराला एका ठिकाणी ‘आपलं’ आणि ‘परकं’ यातला फरक कळेनासा झाला असेल, तर दुसऱ्या ठिकाणी एकदा डोकावून पाहिलेलं बरं. थकवा, वजन वाढणं, पाळीतला बदल, सांधे आखडणं असं काही असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगावं. आणि एक अपेक्षा मात्र ठेवू नये. थायरॉइडची गोळी सुरू केली म्हणजे पित्त थांबेलच असं नाही.

दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी टेस्ट करावी का?

क्रॉनिक अर्टिकेरियात सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप बहुधा इथेच वाया जातो. रक्ताच्या एका नळीतून दीडशे-दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी सांगणारी पॅकेजेस मोबाइलवर जाहिरातींत सतत दिसतात. रिपोर्ट येतो तेव्हा त्यात गहू, शेंगदाणा, टोमॅटो, वाटाणा, धुळीतले किडे अशा पंधरा-वीस नावांपुढे खूण असते. मग घरात पोळी बंद, कूट बंद, आमटीत टोमॅटो बंद. वजन उतरतं, गांधी उठायच्या थांबत नाहीत.

अशा रिपोर्टमधली ‘पॉझिटिव्ह’ खूण म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढंच. तो पदार्थ खाऊन त्रास होतो, असा तिचा अर्थ नाही. वर्षानुवर्षं पोळी खाऊन काही न होणाऱ्या माणसालाही गव्हापुढे खूण येऊ शकते. आयजीजी प्रतिपिंडांवर आधारलेल्या ‘फूड इन्टॉलरन्स’ चाचण्यांना तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी नकारच दिलेला आहे, कारण ती प्रतिपिंडं आपण तो पदार्थ खातो याचीच खूण असतात.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या आजारासाठी सुरुवातीला फार मोजक्या तपासण्या सांगतात. सर्व पेशींची मोजणी दाखवणारी साधी रक्ततपासणी, आणि दाह दाखवणारं ईएसआर किंवा सीआरपी. तज्ज्ञांकडे गेल्यावर एकूण आयजीई आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं. या शेवटच्या दोन आकड्यांचा उपयोग उपचारातही होतो. आयजीई फार कमी आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं जास्त, अशी जोडी दिसली तर खाचांवर हल्ला करणाऱ्या प्रकाराची शक्यता वाढते. बाकी तपासण्या रुग्णाच्या हकिगतीवरून ठरतात. जंतांची शंका असेल तर शौचाची तपासणी, ठरावीक कारणाने उठणारं पित्त असेल तर ते कारण मुद्दाम देऊन पाहणं. उदाहरणार्थ, हातावर पाच मिनिटं बर्फाचा तुकडा ठेवून गार पडल्याने गांधी उठते का, हे पाहतात.

मूळ कारण नसलं तरी आगीत तेल कशाने?

पहिलं नाव अंगदुखीच्या गोळ्यांचं. अ‍ॅस्पिरिन, इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांनी साधारण चारातल्या एका रुग्णाचा त्रास भडकतो. ही गोष्ट सहज नजरेतून सुटते, कारण डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं, पाय मुरगळला की या गोळ्या आपण चिठ्ठीशिवाय घेतो आणि दोष रात्रीच्या जेवणाला देतो. अशा रुग्णांसाठी पॅरासिटामॉल सहसा जास्त सुरक्षित पर्याय असतो.

ताण, अपुरी झोप, ताप-सर्दीचा संसर्ग, काहींमध्ये पाळीचे दिवस आणि मद्य, यांनीही गांधी वाढतात. ‘टेन्शनमुळे होतंय’ हे वाक्य रुग्णांना फार वेळा ऐकवलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. ताणाने आधीच सैल झालेला चाप लवकर सुटतो, पण चाप सैल ताणाने केलेला नसतो. शिवाय रात्र रात्र न झोपता खाजवणाऱ्या माणसाला ताण येणारच. १९९७ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात क्रॉनिक अर्टिकेरियाच्या रुग्णांनी रोजच्या जगण्यातल्या अडचणींबद्दल दिलेली उत्तरं हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या रुग्णांच्या तोडीची निघाली होती. ‘नुसती खाज तर आहे’ म्हणणाऱ्यांना हे सांगण्यासारखं आहे.

आणि आमसुलाचं पाणी? गार स्पर्शाने खाज थोडा वेळ मंदावते, त्यामुळे बरं वाटतं. मास्ट पेशींचं काम त्याने थांबत नाही. ज्यांना थंडीनेच पित्त उठतं त्यांनी मात्र गार पाणी टाळावं. अशा रुग्णांनी एकदम थंड पाण्यात पोहायला उडी मारणं तर जिवावर बेतू शकतं, कारण सगळ्या अंगातून एकाच वेळी हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळू शकतो.

गोळी ‘उठल्यावर’ की रोज?

उपचाराचा पाया साधा आहे, तरी तो सर्रास चुकतो. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन ही नव्या पिढीतली अँटिहिस्टामिन औषधं हिस्टामिनच्या आधी कुलपात जाऊन बसतात. कुलूप आधीच अडलेलं असेल तर हिस्टामिनला जागा मिळत नाही. गांधी उठल्यावर गोळी घेतली तर ते काम उशिरा होतं. म्हणून क्रॉनिक अर्टिकेरियात गोळी रोज घ्यायची असते, पित्त उठलेलं असो वा नसो.

एका गोळीने भागलं नाही, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे, कुणा डॉक्टरची लहर नव्हे. अर्थात ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, इतर औषधं यांवर मात्रा अवलंबून असते. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात, गुंगी आणतात आणि दुसऱ्या दिवशी दुचाकी चालवताना किंवा अभ्यास करताना महागात पडू शकतात. नव्या पिढीतही सेट्रिझिनने काहींना झोप येते. तशी येत असेल तर गोळी बदलून मागावी, बंद करू नये.

स्टेरॉइडबद्दल स्पष्टच सांगायला हवं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने किंवा गोळीने चार तासांत अंग साफ होतं, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. परिणाम ओसरला की पित्त परत येतं, कधी जास्त जोराने. अचानक फारच भडका उडाला तर काही दिवसांचा, फार तर दहाएक दिवसांचा कोर्स ठीक. महिनोन्‌महिने चाललेलं स्टेरॉइड साखर, रक्तदाब, हाडं आणि डोळे यांवर जो परिणाम करतं, तो पित्तापेक्षा वाईट असतो. ‘एक इंजेक्शन द्या, लगेच बरं वाटतं’ असं म्हणत दर पंधरवड्याला दवाखान्यात जाणाऱ्यांनी त्या इंजेक्शनात काय आहे, हे एकदा विचारावं.

चौपट मात्रेनेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब. हे औषध मुळात दम्यासाठी आलं. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला क्रॉनिक अर्टिकेरियासाठीही मान्यता मिळाली. चार आठवड्यांतून एकदा त्वचेखाली इंजेक्शन. ते रक्तात मोकळं फिरणारं आयजीई पकडतं. आयजीई कमी झालं की मास्ट पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या खाचाही हळूहळू कमी करतात. काही रुग्णांना पहिल्या आठवड्यात फरक पडतो. खाचांवर थेट हल्ला होत असलेल्या रुग्णांना वेळ लागतो आणि त्यातल्या काहींना फारसा उपयोग होत नाही. किंमत ही भारतातली मोठी अडचण आहे. महिन्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो. त्यामुळे स्वस्त पर्याय म्हणून सायक्लोस्पोरिनकडे वळणारेही बरेच. प्रतिकारशक्ती दाबणारं हे औषध परिणामकारक आहे, पण त्यावर असताना रक्तदाब आणि मूत्रपिंडं यांच्या नियमित तपासण्या चुकवून चालत नाही.

अलीकडे यादी लांबली आहे. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये डुपिलुमॅब या इंजेक्शनाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रेमिब्रुटिनिब या गोळीला या आजारासाठी मान्यता मिळाली. रेमिब्रुटिनिब मास्ट पेशीच्या आत काम करतं. खाचा जोडल्या गेल्या तरी ‘दाणे ओता’ हा निरोप आतपर्यंत पोहोचू देत नाही.

भारतात आणखी एक उपचार चालतो. रुग्णाचंच सीरम काढून त्यालाच आठवड्यातून एकदा टोचायचं. खर्च कमी, म्हणून लोकप्रिय. काही रुग्णांना बरं वाटल्याचे अहवाल आहेत, पण नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनाशी तुलना केल्यावर फरक ठळकपणे दिसतोच असं नाही.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

गांधींबरोबर श्वास घ्यायला त्रास, आवाज घोगरा होणं, जीभ किंवा घसा सुजणं, चक्कर, पाठोपाठ उलट्या, यातलं काही झालं तर ते नेहमीचं क्रॉनिक पित्त समजून गोळी घेत घरी बसू नये. ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया असू शकते आणि तिथे जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आहे, सेट्रिझिन नव्हे.

घाईचं नाही पण तज्ज्ञांना दाखवायलाच हवं असं चित्र वेगळं. एकच गांधी दिवसाहून जास्त टिकते, खाजण्यापेक्षा दुखते, जाताना काळानिळा डाग ठेवते, सोबत ताप किंवा सांधेदुखी आहे. अशा वेळी रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि गांधी कधीच नाहीत, फक्त ओठ, जीभ, चेहरा वारंवार सुजतो, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी अशी सूज येते आणि अँटिहिस्टामिनने ती हटत नाही. घरात आणखी कुणाला अशी सूज येत असेल तर तेही सांगावं, कारण तिचा एक आनुवंशिक प्रकार आहे.

डॉक्टरांना दाखवायला गांधीच नसतील तर?

मोबाइल आहे. गांधी उठल्या की उजेडात फोटो काढायचा. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून वेळ लिहायची, म्हणजे ती किती तासांत विरते ते कळतं. जगभरचे तज्ज्ञ यासाठी एक सोपी मोजणी वापरतात. रोज दोन आकडे लिहायचे. गांधींसाठी शून्य ते तीन : एकही नाही तर ०, विसापेक्षा कमी तर १, वीस ते पन्नास २, त्याहून जास्त ३. खाजेसाठीही शून्य ते तीन : नाही, सौम्य, त्रासदायक, झोप उडवणारी. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते. सातच्या आत असेल तर आजार ताब्यात आहे, २८ किंवा त्यावर असेल तर तीव्र. ‘थोडं बरं आहे’ यापेक्षा ‘मागच्या महिन्यात ३१ होते, आता १२ आहेत’ हे डॉक्टरांना मात्रा ठरवायला कितीतरी उपयोगी पडतं. त्याच वहीत घेतलेल्या सगळ्या गोळ्या लिहाव्यात, डोकेदुखीची सुद्धा.

हे कायमचं असतं का?

बहुतेकांमध्ये नाही. साधारणपणे हा आजार एक ते पाच वर्षांत आपणहून शांत होतो. तीव्र त्रास, सोबत सूज येणं किंवा ठरावीक कारणाने उठणाऱ्या पित्ताची जोड असेल तर जास्त काळ लागू शकतो. गेलेला आजार काही वर्षांनी परतूही शकतो. औषधं तो काळ कमी करत नाहीत, तोवर माणसाला नीट झोपू देतात आणि कामाला जाऊ देतात. म्हणून ‘गोळी घेतली की बरं, सोडली की पुन्हा’ हे औषध फसल्याचं लक्षण नाही, आतला आजार अजून चालू असल्याचं आहे. अंग काही महिने पूर्ण कोरं राहिलं की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. चारावरून तीन, तीनावरून दोन, मग एक, मग एक दिवसाआड. मध्येच गांधी उठल्या तर एक पायरी मागे जायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा उतरवून पाहायचं.